मागच्या लग्नातला मामा

कराडला माझ्या काकांचा छापखाना होता. दोन ट्रेडल मशीन, भिंतीला लावलेल्या खिळ्यांच्या, म्हणजे अक्षरांच्या सुट्या ठशांच्या, केसेस, आणि आत पाऊल टाकलं की शाईचा नि रॉकेलचा वास. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे असायचे आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई, त्यामुळे मला आठवतो तो छापखाना म्हणजे लग्नपत्रिकाच. पत्रिकेचा मजकूर दर वेळी पहिल्यापासून जुळवत नसत. गणपतीचा ब्लॉक, 'आमचे येथे श्रीकृपेकरून', शेवटचं 'शुभाशीर्वाद द्यावेत ही विनंती', हे सगळं जुळवून, दोऱ्याने घट्ट बांधून गॅलीत तयार ठेवलेलं असे. नवं गिऱ्हाईक आलं की नावं, तिथी, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता तेवढा बदलायचा.

एका वर्षी तीनशे पत्रिका छापून, घड्या घालून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी वधूचे वडील त्या घेऊन परत आले. खाली 'आपले नम्र'मध्ये मुलीच्या मामाच्या जागी कुणा भलत्याचंच नाव होतं. मागच्या लग्नातला मामा बांधलेल्या मजकुरात तसाच राहून गेला होता. प्रूफ दोघांनी वाचलं होतं. नाव शुद्ध होतं, ओळ सरळ होती, वाचताना अडखळण्यासारखं काहीच नव्हतं. काकांनी रात्री मशीन लावून सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिल्या आणि कागदाचेही पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर त्यांनी छापखान्यात एक रीत पाडली. काम संपलं की बदलायच्या ओळी काढून टाकायच्या आणि त्या जागी खिळे उलटे घालून ठेवायचे, चेहरा खाली आणि बूड वर. पुढच्या वेळी प्रूफ काढलं की तिथे काळे चौकोन उमटत. नाव भरायचं राहिलं तर कागदच तसं सांगायचा.

तीस वर्षांनी हे सगळं आठवायला कारण झालं एका वाचनालयाचं. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावचं जुनं सार्वजनिक वाचनालय, त्याची वेबसाइट मी सांभाळते. पुस्तकं शोधणं, राखून ठेवणं, सभासदांची खाती, देवघेव, सगळं जँगोमध्ये, म्हणजे पायथन या भाषेतल्या वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यात, लिहिलेलं. गेल्या पावसाळ्यात ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "अगं, ते गुरुजी आत्ता येऊन गेले. साइटवर दोन प्रती उपलब्ध दिसतात म्हणून दोन एसट्या बदलून आले. पुस्तक महिनाभर बाहेर आहे." गुरुजी निवृत्त शिक्षक, वय पंच्याहत्तरच्या पुढे. श्रावणातला पाऊस. बाईंनी मला एक शब्दही बोल लावला नाही, आणि त्यामुळे ते जास्तच लागलं.

चूक माझीच होती आणि ती शोधायला मला अख्खा दिवस लागला.

पुस्तकाचं कार्ड, म्हणजे मुखपृष्ठ, नाव, लेखक, किती प्रती शिल्लक आहेत ते आणि 'राखून ठेवा' हे बटन, ही साइटवरची सगळ्यात जास्त वेळा दिसणारी वस्तू. सुरुवातीला ते एकाच पानावर होतं. मग नवीन खरेदीच्या पानावर आलं, मग लेखकाच्या पानावर, मग सभासदाच्या 'वाचायची यादी'त. मोजलं तेव्हा एकच एचटीएमएल, म्हणजे पान मांडायचा मजकूर, अकरा टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानांच्या साच्यांत, चिकटवलेलं होतं. अकरांपैकी चारांत 'उपलब्ध' हिरव्या अक्षरांत, बाकीच्यांत काळ्या. हे नीट करावं म्हणून मी ते कार्ड एका वेगळ्या फाइलीत काढलं आणि अकराही जागी 'ती फाइल इथे आणून बसव' असं सांगणारा 'इन्क्लूड' टॅग लावला. एक दिवसाचं काम, मनाला मोठं समाधान. गुरुजींची फेरी वाया गेली ती या नीटनेटकेपणामुळे.

जँगोचा इन्क्लूड टॅग आपल्या बाजूने उदार आहे. ज्या पानात तो बसवला त्या पानाकडचे सगळे व्हेरिएबल, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या किमती, तो आतल्या फाइलीला मोकळे करून देतो. माझ्या कार्डात शिल्लक प्रतींसाठी 'काउंट' नावाचं व्हेरिएबल होतं. शोधाच्या पानावर मी ते बरोबर पुरवत होते. 'वाचायची यादी'च्या पानावर पुरवायचं राहिलं. पण त्या पानाकडे स्वतःचं एक 'काउंट' होतंच, सभासदाने सध्या घरी नेलेल्या पुस्तकांचं. गुरुजींकडे दोन पुस्तकं होती. म्हणून त्यांच्या यादीतल्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती उपलब्ध. आकडा दिसायला बरोबर, जागा बरोबर, रंग बरोबर. मागच्या लग्नातला मामा.

जँगोचा जन्मही छापखान्याच्या शेजारचाच आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकाच्या वेब विभागात २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी ते लिहायला घेतलं आणि जुलै २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीच्या घाईत, आज सांगितलेलं पान उद्या उभं करायच्या गरजेतून ते घडलं. त्याची टेम्प्लेटची भाषा मुद्दाम हात आखडून बनवलेली आहे. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या डिझायनरलाही ती हाताळता यावी, आणि व्यवहाराचे नियम टेम्प्लेटमध्ये घुसू नयेत, हा त्यामागचा विचार. एखादं व्हेरिएबल सापडलं नाही तर ती भाषा आरडाओरडा करत नाही, त्या जागी मोकळं ठेवून पुढे जाते. दैनिकाच्या दृष्टीने मला हे पटतं. रात्री बाराला एका फोटोची ओळ मिळाली नाही म्हणून पहिलं पान कोसळू नये. पण सुटा भाग बनवून तो अकरा ठिकाणी लावायचा म्हटलं, की हाच मनमिळाऊ स्वभाव अंगाशी येतो. नाव सापडलं नाही तर गप्प, आणि भलत्याचं सापडलं तरी गप्प.

पहिली दुरुस्ती सोपी होती. इन्क्लूडला 'ओन्ली' हा शब्द जोडला की बाहेरचं वारं बंद. जे नाव घेऊन द्याल तेवढंच आत जाईल. मी हे अकराही जागी केलं. गळती थांबली, पण द्यायचं विसरलं तर कार्डावर कोरी जागा येते आणि कोरी जागा प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते. माझ्या नजरेतून सुटलीच असती. जँगोच्या सेटिंगमध्ये न सापडलेल्या व्हेरिएबलच्या जागी आपण ठरवलेला मजकूर दाखवायची सोय आहे, ती मी माझ्या मशीनवर चालू करून बघितली. ती फक्त चुका शोधण्यापुरती वापरा, असं जँगोवालेच बजावतात, कारण अ‍ॅडमिनची, म्हणजे साइट सांभाळणाऱ्यांसाठीची तयार, पानं त्या गप्प बसण्यावर विसंबून आहेत. तरी एका दुपारी मला सात ठिकाणचे काळे चौकोन त्यातून दिसले.

मग मी कार्डाचा इन्क्लूजन टॅग केला. यात पायथनचं एक फंक्शन असतं, त्याला काय काय लागतं ते वरच लिहिलेलं असतं, आणि त्याच्या हाताखाली एक छोटं टेम्प्लेट. पुस्तक द्या, शिल्लक प्रती द्या, सभासद राखून ठेवू शकतो की नाही ते द्या. यातलं एक जरी राहिलं तरी टेम्प्लेट वाचतानाच जँगो थांबतो आणि कोणती गोष्ट मिळाली नाही तिचं नाव घेऊन सांगतो. पान उघडतच नाही. काकांचे उलटे खिळे मला इथे सापडले. कंपोनंट, म्हणजे पानाचा सुटा भाग, या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ त्या दिवशी ठरला. पुन्हा वापरता येणं हा त्याचा दुसरा गुण. मला काय लागतं हे तो दारातच सांगतो आणि ते मिळाल्याशिवाय आत येऊ देत नाही, हा पहिला.

पण याच टॅगने मला पुढच्या महिन्यात अडवलं. वाचनालयाला एक चौकट हवी होती. वर मथळा, कडेला घडी घालायचा बाण, आणि आत काहीही. कधी कार्डांची रांग, कधी फॉर्म, कधी सूचना. इन्क्लूजन टॅगला 'आत काहीही' हे कळत नाही. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. टेम्प्लेटचा वारसा, म्हणजे 'एक्स्टेंड्स' लिहून मूळ पानातले 'ब्लॉक' नावाचे कप्पे भरायचे, ही जँगोची मला सर्वांत आवडणारी गोष्ट, पण ती अख्ख्या पानासाठी आहे. एकाच टेम्प्लेटमध्ये एका नावाचा ब्लॉक दोनदा लिहिता येत नाही, मग एका पानावर चार चौकटी कशा मांडणार? इन्क्लूड केलेल्या फाइलीतला ब्लॉक बाहेरून बदलावा म्हटलं तर तेही होत नाही, कारण ती फाइल आधी स्वतंत्र रंगवली जाते आणि तयार एचटीएमएल आत येऊन पडतं.

अशा वेळी लोक जे करतात ते मीही केलं. 'चौकट सुरू' नावाची एक फाइल आणि 'चौकट बंद' नावाची दुसरी. पहिलीत डिव्ह, म्हणजे एचटीएमएलचे कप्पे, उघडायचे, दुसरीत मिटायचे. कोणत्याही एका फाइलीकडे बघून एचटीएमएल बरोबर आहे की नाही हे सांगता येत नाही. वर्षभराने कुणीतरी पहिलीत एक डिव्ह वाढवतं, दुसरीत विसरतं, आणि पानाचा तळ उजवीकडे सरकतो. दुसरी पळवाट त्याहून वाईट. आतला मजकूर एका स्ट्रिंगमध्ये भरून टॅगला द्यायचा. जँगो स्ट्रिंगमधली एचटीएमएल चिन्हं आपोआप निष्प्रभ करतो, ते सुरक्षेसाठीच आहे. मग ते चिन्हांसह दिसायला लागलं की लोक त्यावर 'सेफ'चा शिक्का मारतात. वाचनालयाच्या साइटवर सभासद पुस्तकाखाली अभिप्राय लिहितात. तो अभिप्राय एखाद्या दिवशी या 'सेफ' चौकटीत गेला असता, तर त्यातली स्क्रिप्ट दुसऱ्या सभासदाच्या ब्राउझरमध्ये चालली असती. सोयीसाठी मारलेला हा शिक्का मला फार भीतीदायक वाटतो.

ज्याला सगळे स्लॉट म्हणतात, ती या दुखण्यावरची खरी वस्तू. चौकट म्हणते, माझ्यात एक मोकळी जागा आहे, तिला 'मथळा' म्हणा, दुसरी 'मजकूर'. पान त्या जागी आपलं टेम्प्लेट लिहितं आणि ते पानाच्याच नजरेतून रंगवलं जातं, म्हणून शिक्क्याची गरज पडत नाही. लॅराव्हेल या पीएचपीतल्या फ्रेमवर्कने २०२० साली सातव्या आवृत्तीत ब्लेड या आपल्या टेम्प्लेटच्या भाषेला 'एक्स' आणि आडवी रेघ लावून लिहायचे टॅग दिले आणि त्यात स्लॉट सहज बसले. रूबीतल्या रेल्स या फ्रेमवर्कसाठी गिटहब कंपनीतून 'व्ह्यू कंपोनंट' आलं. जँगोच्या बाजूला 'जँगो कंपोनंट्स', 'जँगो कॉटन' अशी पॅकेजेस लोकांनी लिहिली. जँगोच्या स्वतःच्या घरातही हालचाल झाली. २०२५च्या ५.२ आवृत्तीत सुरुवात आणि शेवट असलेला टॅग थोडक्यात लिहायची सोय आली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ६.० बरोबर टेम्प्लेटचे नाव दिलेले तुकडे, पार्शियल, आले. ते आधी वेगळं पॅकेज होतं. पार्शियल मला आवडले, विशेषतः पानाचा एवढासाच तुकडा सर्व्हरकडून पुन्हा मागवायचा असतो तेव्हा. पण त्यांना पानाचेच व्हेरिएबल दिसतात. माझ्या मामाचा प्रश्न त्यांनी सुटला नसता.

मी 'जँगो कंपोनंट्स' घेतलं. कारणं दोन. कार्डाचा पायथन, टेम्प्लेट, रंगरूप ठरवणारं सीएसएस आणि वागणं ठरवणारं जावास्क्रिप्ट एकाच फोल्डरमध्ये राहतात, आणि काय लागतं ते स्पष्ट लिहिता येतं. पूर्वी कार्डाची हिरवी अक्षरं एका चार हजार ओळींच्या सीएसएस फाइलीत कुठेतरी होती, आणि कार्ड काढून टाकलं तरी ती ओळ पुसायची हिंमत कुणाला झाली नसती.

इथे सर्व्हरची एक जुनी अडचण आडवी येते, आणि मला ती मनापासून आवडते, कारण ती अगदी छापखान्यासारखी आहे. टेम्प्लेट वरून खाली रंगवलं जातं. सीएसएस जोडायची जागा वर, हेडमध्ये. पानात कार्ड आहे हे कळतं खाली, बॉडीत. म्हणजे मथळा छापून झाल्यावर समजतं की त्यात एक ओळ हवी होती. शिवाय पानावर चाळीस कार्डं असली तरी सीएसएस एकदाच जायला हवं. या पॅकेजने त्यावर काढलेला मार्ग असा की आधी सगळं रंगवायचं, कुठले कंपोनंट आले त्यांची नोंद ठेवायची आणि शेवटी त्यांच्या फाइली हेडमध्ये नेऊन बसवायच्या. जँगोच्या फॉर्मना ही अक्कल फार आधीपासून आहे. प्रत्येक विजेटला, म्हणजे फॉर्ममधल्या भरायच्या रकान्याला, आपल्याला कुठली सीएसएस आणि कुठली स्क्रिप्ट लागते ते 'मीडिया' नावाने सांगता येतं, दोन फॉर्म एकत्र केले की त्यांच्या याद्या एकत्र होतात आणि दुहेरी नावं गळतात. अ‍ॅडमिनमध्ये तारखेच्या शेजारी जे चिमुकलं कॅलेंडर उघडतं, ते याच वाटेने येतं. फ्रेमवर्कमध्ये कंपोनंटचं बी होतं, ते फॉर्मच्या कुंडीतच राहिलं, असं मला नेहमी वाटतं.

जावास्क्रिप्टने मात्र वेगळा धडा दिला. 'राखून ठेवा' बटनाशेजारी एक चेकबॉक्स होता, 'आल्यावर एसएमएस करा'. त्याला मी एक आयडी दिला होता आणि लेबल त्या आयडीशी जोडलं होतं. एका पानावर एकच कार्ड होतं तोवर सगळं ठीक. वीस कार्डं झाल्यावर सातव्या पुस्तकाच्या लेबलवर बोट ठेवलं की खूण पहिल्या पुस्तकावर उमटे. ब्राउझर त्या आयडीचा पहिला माणूस शोधून थांबतो. जी वस्तू एकदा लिहून अनेकदा मांडायची आहे, तिच्या पोटात 'पानावर मी एकटीच आहे' असं गृहीत धरलेलं काहीही चालत नाही. आता प्रत्येक कार्डाचा आयडी पुस्तकाच्या दाखल क्रमांकावरून बनतो.

बटनाचं वागणं मी ब्राउझरच्या कस्टम एलिमेंटमध्ये टाकलं. ही सोय २०२०च्या सुरुवातीपासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे, त्यासाठी वेगळी लायब्ररी लागत नाही. सर्व्हर पूर्ण कार्ड एचटीएमएलमध्येच पाठवतो, नाव, लेखक, प्रती, सगळं. भोवती एक आपल्या नावाचा टॅग असतो आणि तो पानावर आला की ब्राउझर स्वतःहून त्याचं जावास्क्रिप्ट जागं करतो, मग तो पहिल्यांदा आलेला असो की मागाहून एचटीएमएक्स या छोट्या लायब्ररीने आणून टाकलेला. पावसात त्या गावात नेटवर्क कसं असतं ते मला माहीत आहे. स्क्रिप्ट आली नाही तरी पुस्तकाचं नाव आणि प्रतींचा आकडा दिसतो आणि बटन साध्या फॉर्मसारखं चालतं. २०१३ साली जावास्क्रिप्टमधलं रिअ‍ॅक्ट खुलं झाल्यापासून कंपोनंट म्हटलं की सगळं ब्राउझरमध्येच रचायचं, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. रिअ‍ॅक्टबद्दल मला आदर आहे, नोकरीत मी रोज तेच लिहिते. पण गुरुजींच्या जुन्या फोनवर आधी रिकामं पान पाठवायचं आणि मग त्याच्याकडून ते भरून घ्यायचं, हे मला त्यांच्यावर अन्यायाचं वाटतं.

आणखी एका मोहाबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण त्यात मी पडले होते. कंपोनंटला स्वतःचं पायथन मिळालं की वाटतं, त्याला फक्त पुस्तकाचा क्रमांक द्यावा, बाकीचं तो आणेल. डेटाबेसमधून लेखक, कपाट, राखीव नोंदी, सगळं. वापरायला इतकं सोपं होतं की मी खूश होते. पन्नास कार्डांच्या पानावर एके दिवशी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, मोजल्या तर एकशे एक्कावन्न निघाल्या. पुस्तकांची यादी एक, आणि प्रत्येक कार्डाच्या तीन. आता व्ह्यू, म्हणजे पानाची माहिती गोळा करणारं फंक्शन, सगळं एकदम आणतो, 'सिलेक्ट रिलेटेड' आणि 'प्रीफेच रिलेटेड' या जँगोच्या सोयी लावून, आणि कार्डाने मिळालेलंच दाखवायचं. ते काम तीन क्वेरींत होतं. कार्डाला डेटाबेसचं दार दाखवायचं नाही, हा नियम मी आता कुणाशीही वाद घालून पाळते.

अकरांपैकी दोन जागा मी अजून नव्या कंपोनंटवर नेलेल्या नाहीत आणि नेणारही नाही. एक वार्षिक अहवालातली यादी. तिथलं कार्ड आज जवळजवळ सारखं दिसतं, पण ते छापायला जातं, त्यात बटन नाही, आणि पुढच्या वर्षी समितीला त्यात देणगीदाराचं नाव हवं आहे. ते माझ्या कार्डात घुसवलं असतं तर त्याला सहावा पर्याय लागला असता, मग सातवा. दुसरी जागा दिवाळी अंकांची. अंकाला लेखक नसतो, संपादक असतो. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून त्या एका घरातल्या ठरत नाहीत.

मागच्या महिन्यात बाईंनी मोठ्या अक्षरांतल्या आवृत्तीची खूण कार्डावर मागितली. एक फोल्डर उघडलं, फंक्शनच्या दारात एक गोष्ट वाढवली, आणि नऊही पानं उघडायला नकार देऊ लागली, जोवर प्रत्येकाने ती पुरवली नाही. पाऊण तासात झालं. फोनवर मी बाईंना गुरुजींबद्दल विचारलं. ते येतात, म्हणाल्या, पण निघायच्या आधी आता फोन करतात. साइटवर बघितलं का, असं विचारलं तर म्हणतात, "बघितलं हो. तरी एकदा तुमच्या तोंडून ऐकतो."